पुसण्याआधी

एकदा शाळेची तपासणी होती. मी इतिहासाचा मास्तर, पण मदतीच्या उत्साहात प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचे भिंग स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसून ठेवले. ते कायमचे धूसर झाले. जुन्या भिंगांत दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या चिकाने जोडलेल्या असत. स्पिरिट कडेने आत शिरले की तो चीक सुटू लागतो. हे विज्ञानाच्या बाईंनी मला नंतर सांगितले. त्या रागावल्या नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले.

पुढे वाचनात अशीच, पण फार मोठी चूक आली. डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या वेधशाळेसाठी ४ फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण बनवली. १८६८ मध्ये ती बोटीने तिकडे पोहोचली. आरसा काचेचा नव्हता, तांबे आणि कथिलाचा होता, म्हणजे आपल्या काशाचाच भाऊबंद. प्रवासात तो काळवंडू नये म्हणून त्यावर लाखेचा थर दिला होता. तो थर काढतानाच पृष्ठभागाला इजा झाली.

मग घासून पुन्हा चकाकी का आणू नये? खरी मेख तिथेच आहे. काशाची वाटी चिंचेने कितीही घासली तरी वाटीच राहते. आरशाची वक्रता मात्र प्रकाशलहरीच्या लांबीच्या एका अंशानेही बिघडून चालत नाही. धातूच्या आरशाला पॉलिश करणे म्हणजे त्याला जवळजवळ नव्याने आकार देणेच. ते काम जाणणारे कारागीर डब्लिनला आणि दुर्बीण मेलबर्नला! १९०४ मध्ये अमेरिकेचे दुर्बीणकार जॉर्ज रिची यांनी तिचे अपयश खगोलशास्त्रातल्या मोठ्या आपत्तींत गणले.

हळहळ वाटते ती अशी, की उपाय आधीच सापडला होता. १८५७ मध्ये फ्रान्सच्या लेऑं फूको यांनी काचेवर चांदीचा पातळ मुलामा देऊन आरसा केला. चांदी काळी पडली तर ती नायट्रिक आम्लाने विरघळवून टाकायची. खालची काच तशीच राहते, तिला पुन्हा मुलामा द्यायचा. १९३० च्या दशकात चांदीची जागा ॲल्युमिनियमने घेतली.

काचेची काळजी अशी मिटली, पण माणसाची राहिली. तेलकट डाग काढायला वापरला जाणारा कार्बन टेट्राक्लोराइड यकृत बिघडवतो. मग सीएफसी-११३ आला. तो पेटत नाही, फारसा विषारी नाही आणि डाग न ठेवता उडून जातो. सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की सीएफसी वायू उंचावर जाऊन ओझोनचा थर नष्ट करू शकतात. १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला आणि १९९६ पासून विकसित देशांत सीएफसीचे उत्पादन जवळजवळ थांबले. ज्या आकाशाकडे पाहायला भिंगे घडवली, त्यालाच भिंगे पुसण्याचा त्रास होत होता.

आज शुद्ध ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. पण तेही सरसकट नाही. ॲसिटोन काचेला चालतो, प्लॅस्टिकच्या कित्येक भिंगांना खराब करतो, आणि चटकन पेट घेतो. म्हणून जाणकार आधी नुसत्या हवेने धूळ उडवतात, कारण धूळ घासली की ओरखडा उठतो. तेवढ्याने भागले तर द्रवाला हातच लावत नाहीत. थोडी धूळ राहिली तरी चालते, पण ओरखडा निघत नाही.

'सुरक्षित' म्हटले की 'कोणाला?' असे विचारावे, हे मी या इतिहासातून शिकलो. काचेला, तिच्यावरच्या लेपाला, पुसणाऱ्या हाताला, की डोक्यावरच्या आभाळाला? दरवेळी यातला कोणीतरी एक विसरला गेला. त्या दिवशी मलाही एवढेच विचारायचे होते, की हे भिंग जोडले कशाने आहे? विज्ञानाच्या बाई शेजारच्याच वर्गात होत्या.