बिलातले पाच रुपये

परवा मुलीच्या पहिल्या पगाराची पार्टी म्हणून मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या बार-ब्रासरीत जेवायला गेलो. ब्रासरी म्हणजे मूळ फ्रेंचमध्ये बिअर बनवायची जागा. पुढे बिअरसोबत साधं, पोटभर जेवण देणाऱ्या ठिकाणांना ते नाव पडलं. इथे माझ्या एका बिअरच्या पैशात आमची आठवड्याची भाजी आली असती. असो.

बिल आलं तर खाली एक ओळ: परमिट, ५ रुपये. मुलगी म्हणाली, "बाबा, हे काय?" मग घर येईपर्यंत टॅक्सीत इतिहासाचा तास झाला. तोच इथे मांडतोय.

मंडळी, महाराष्ट्रात कागदोपत्री आजही दारूबंदी कायदा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पुढे नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, एवढंच. १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा हाच कायदा गुजरातकडेही गेला, आणि तिथे अजून बंदी आहे. आपल्याकडे वसंतराव नाईकांच्या काळात परवाने सढळ झाले. कायदा काही रद्द झाला नाही.

पण खरी गंमत सुरुवातीपासूनच परवान्यात होती. परदेशी पाहुण्याला परवाना. डॉक्टरचा कागद आणू शकणाऱ्याला 'तब्येतीसाठी' परवाना. लष्कराच्या मेसला सूट. मोठ्या हॉटेलांत यांच्यासाठी वेगळी खोली असायची, तीच 'परमिट रूम'. गावोगावच्या बारच्या पाटीवर हा शब्द आपण रोज वाचतो, तो तिथून आला.

याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांच्या मागणीत व्हिस्की, ब्रँडी होतीच, पण ओ-द-कोलोनही होतं! कारण मद्यार्क असलेली औषधं आणि अत्तरंसुद्धा कायद्याच्या कचाट्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधं आणि अत्तरं सोडवली, पिण्यावरची बंदी कायम ठेवली. परदेशी लोकांची आणि लष्कराची सवलतही योग्य ठरवली.

मग गिरणगावाने काय केलं? आमच्या लालबागच्या चाळीत आजोबा सांगायचे, टायरच्या ट्यूबमध्ये भरून हातभट्टीची यायची. वांद्रे, धोबीतलाव भागात गोवेकर 'आंटी'च्या घरात मागच्या खोलीत ग्लास मिळायचा, सोबत उकडलेली अंडी. तिथे धाड पडायची. आजोबांचा एक सोबती विषारी दारूने डोळे घालवून बसला. परमिट रूममध्ये बसलेल्या माणसाला बाटलीत काय आहे याची चिंता करावी लागत नव्हती.

आजही विनापरवाना पिणं हा कलम ६६ खाली गुन्हाच आहे. रस्त्याकडेला पिणारा सापडला की कलम आठवतं. हॉटेलात तेच कलम बिलाच्या तळाशी ५ रुपयांत मिटतं, आणि गिऱ्हाईक ती ओळख वाचतही नाही.

मी मात्र वेटरला म्हटलं, "पैसे घेतलेत, तर माझा परवाना द्या." तो बघतच राहिला. मॅनेजर आले, ड्रॉवर उघडला, दुसरा उघडला, कोणाला तरी फोन लावला. दहा मिनिटांनी हसत म्हणाले, "सर, पाच रुपये कमी करतो ना."



मी कमी करून घेतले नाहीत. परवान्याची वाट बघत बसलो, तोवर मुलीने आइस्क्रीम मागवलं.