कोलॅजेनचा वाद आणि मद्रास विद्यापीठ

त्वचा, अस्थी, कूर्चा आणि कंडरा यांना बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन चामडे कमावणाऱ्यांच्या हाताखालून पिढ्यान्‌पिढ्या गेले. त्याच्या रेणूची घडण मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उलगडली नव्हती. १९५२ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, मद्रास विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाची धुरा घेणाऱ्या जी. एन. रामचंद्रन यांचे लक्ष या कोड्याकडे वेधले ते जे. डी. बर्नाल यांच्या मद्रासभेटीने.

गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेची क्ष-किरण चित्रे अभ्यासली. कोलॅजेनमधील सुमारे एक तृतीयांश घटक ग्लायसीन, म्हणजे सर्वांत लहान अमिनो आम्ल. तेव्हा प्रत्येक तिसरी जागा आतल्या बाजूस आणि तेथे ग्लायसीन, अशी तीन साखळ्यांची रचना त्यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी त्या साखळ्यांना एकमेकींभोवती पीळ देऊन तिपेडी दोराचे रूप दिले.

आक्षेप त्याच वर्षी आला. अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी तिपेडी रचना स्वीकारली. परंतु दर तीन घटकांमागे मद्रासने कल्पिलेले दोन हायड्रोजन बंध मानले, तर काही अणू अशक्य इतके जवळ येतात, सबब बंध एकच, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रसंग भारतीय संशोधकावरील अन्यायाची कहाणी म्हणून सांगितला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण तेवढ्यावर थांबणारे वाचन उथळ होय. अणूंनी किती जवळ यावे हे ठरवले कोणी, असा मूळ प्रश्न या आक्षेपातून रामचंद्रन यांनी उचलला. प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना चाळून त्यांनी अंतरांच्या मर्यादा निश्चित केल्या, आणि त्यांच्या आधारे सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ साली प्रथिनसाखळीला कोणते वळण शक्य, कोणते अशक्य, हे दाखवणारा आलेख सिद्ध केला. ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने प्रथिनांच्या प्रत्येक नव्या रचनेची परीक्षा आजही त्यावर होते. वादातून वादापेक्षा मोठे काही निपजण्याचे असे उदाहरण विरळा.

खुद्द बंधांच्या प्रश्नात टीकाकारांची बाजू सरस ठरली. १९६८ साली रामचंद्रन यांनीच दुसरा बंध पाण्याच्या रेणूमार्फत जुळत असावा असे सुचवले. १९९४ साली कोलॅजेनसदृश पेप्टाइडचा स्फटिक बारकाईने तपासला गेला, तेव्हा थेट बंध एकच आढळला; भोवती मात्र पाण्याच्या रेणूंनी विणलेले बंधांचे जाळे होते.