बारा चौकटी

जुलै २०२२ मध्ये टाटा स्टीलच्या एका शेअरचे दहा झाले. दहा रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर गेला आणि एक रुपयाचे दहा आले. भागधारकांनी डिमॅट खातं उघडून वाढलेला आकडा पाहिला. त्या आकड्याशेजारी आणखी एक गोष्ट बदलली होती. तिथं आधी ‘आयएनई०८१ए०१०१२’ होतं, आता ‘आयएनई०८१ए०१०२०’ आलं. कंपनी तीच राहिली, पण तिच्या शेअरचं नाव बदललं.

हे बारा चौकटींचं नाव म्हणजे आयएसआयएन. पहिली दोन अक्षरं देशाची, ‘आयएन’ म्हणजे भारत. ‘ई’ म्हणजे रोखा कंपनीचा. ‘०८१ए’ ही टाटा स्टीलची खूण. पुढचे ०१ समभागाचे. त्यानंतरचा ०१ विभाजनानंतर ०२ झाला, कारण जुन्या आणि नव्या शेअरची गल्लत झाली तर हिशेबात दसपट चूक होईल.

शेवटचा अंक राखणदार आहे. अक्षरांचे आकडे करून (ए म्हणजे १०, आय म्हणजे १८) सगळे अंक ओळीनं मांडायचे, उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती दहाच्या पटीत नेणारा अंक शेवटच्या चौकटीत बसतो. टाटा स्टीलच्या जुन्या क्रमांकाची बेरीज ३८ येते, म्हणून २. नव्याची ४०, म्हणून ०. कुठलाही एक अंक चुकला की हिशेब जुळत नाही. ही रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. तुमच्या क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंकही तिच्यावरच ठरतो.

या नावांची गरज पडली ती कागदाच्या ढिगांमुळे. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शेअरची उलाढाल झपाट्यानं वाढली, पण व्यवहार पुरा व्हायचा तो कागदी प्रमाणपत्र एका कचेरीतून दुसरीत पोचल्यावरच. एकाच कंपनीचं नाव प्रत्येक दलालाचा कारकून आपापल्या पद्धतीनं लिही, आणि मिळत्याजुळत्या नावांच्या कंपन्याही कमी नव्हत्या. यंत्रांना तर नावापेक्षा आकडा सोयीचा. म्हणून १९६४ मध्ये अमेरिकन बँकर्स असोसिएशननं एक समिती नेमली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘क्यूसिप’ हा शब्द तयार झाला. क्यूसिप नऊ जागांचा: सहा रोखा काढणाऱ्याच्या, दोन रोख्याच्या, एक तपासणीची. तो हळूहळू रुळत असतानाच १९६८ मध्ये कागद इतके तुंबले, की ते उपसण्यासाठी न्यूयॉर्कचा शेअर बाजार दर बुधवारी बंद ठेवावा लागला.

जर्मनीत १९५५ पासून सहा जागांचा क्रमांक होता, लंडनच्या बाजाराचा सात जागांचा ‘सेडॉल’ होता. प्रत्येक देशाची खूण निराळी. पैसा सीमा ओलांडू लागल्यावर हे भागेना. मग आयएसओच्या ६१६६ क्रमांकाच्या मानकानं तोडगा काढला: देशाचा आपला क्रमांक तसाच ठेवायचा, त्याच्या पुढं देशाची दोन अक्षरं लावायची आणि मागं एक तपासणी अंक. १९९२ मध्ये हे क्रमांक देणाऱ्या राष्ट्रीय संस्थांनी आपली संघटना स्थापन केली.

आपल्याकडे १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर मुंबईत एनएसडीएल ही डिपॉझिटरी उभी राहिली. बनावट प्रमाणपत्रं, सही जुळत नाही म्हणून परत येणारे शेअर, टपालात गहाळ झालेली पाकिटं, या सगळ्याला कंटाळलेल्या गुंतवणूकदाराचा कागद तिनं खात्यावरच्या नोंदीत बदलला. कागद गेल्यावर रोख्याची ओळख उरली ती या बारा चौकटींतच. कंपन्यांच्या रोख्यांना हा क्रमांक एनएसडीएल देते आणि सरकारी रोख्यांना रिझर्व्ह बँक.

वाद उभा राहिला तो मालकीचा. ॲपलचा आयएसआयएन आहे ‘यूएस०३७८३३१००५’. त्यातून पहिली दोन अक्षरं आणि शेवटचा ५ काढा, उरतो तो क्यूसिप. म्हणजे अमेरिकी रोख्याचं आंतरराष्ट्रीय नाव घेतलं की क्यूसिप आलाच, आणि त्याच्या वापराचा परवाना विकत घ्यावा लागे. क्यूसिपचा कारभार तेव्हा स्टँडर्ड अँड पुअर्सकडे होता. हे क्रमांक माहिती पुरवणाऱ्या कंपन्यांकडून घेणाऱ्या युरोपातल्या बँका आणि फंडांकडूनही ही कंपनी शुल्क मागत असे. युरोपीय आयोगानं चौकशी केली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीची हमी बंधनकारक केली: अशा अप्रत्यक्ष वापरावर युरोपात शुल्क नाही, थेट घेणाऱ्यांना मूळ यादी वर्षाला १५,००० डॉलरच्या आसपास.

तरीही हा धंदा किती किफायतशीर आहे, ते २०२२ मध्ये दिसलं. फॅक्टसेट या कंपनीनं क्यूसिपची सेवा १.९२५ अब्ज डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की वित्तीय नियामकांनी खुल्या परवान्याच्या ओळख क्रमांकांकडे वळावं. २०२४ मध्ये नियामकांनी ‘फिगी’ हा ब्लूमबर्गनं सुरू केलेला, मोफत वापरता येणारा क्रमांक सुचवला, आणि क्यूसिपची समिती नेमणाऱ्या बँकर्स असोसिएशननं त्याला विरोध केला.

नोंद ठेवायला, चूक सुधारायला माणसं लागतात आणि त्यांच्या श्रमांचं मोल द्यायलाच हवं. पण क्रमांकाला किंमत येते ती सगळा बाजार तो वापरतो म्हणून. जे सगळ्यांच्या वापरानं मोठं झालं, त्याचा उच्चार करायला कुणी भाडं मागू नये. गावाचं नाव पाटीवर रंगवणाऱ्याला मजुरी द्यावी. नाव मात्र गावाचंच राहतं.

डिमॅटमधले शेअर दुसऱ्याच्या खात्यावर करायची स्लिप कधी हाताशी आली, तर आयएसआयएनच्या बारा चौकटी घाईत भरू नका. तुमचा शेअर कंपनीच्या नावानं जात नाही, त्या बारा चौकटींनी जातो.