तिबेटचा फोटो, आझाद मैदानातली आग

२०१२ च्या रमजानमध्ये आमच्या घाटकोपरला मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. गाणी, नात आणि त्यांच्याबरोबर न मागता 'बर्मा'. एका फोटोत प्रेतांच्या राशीजवळ उभे असलेले बौद्ध भिक्खू. फोटो होता २०१० च्या तिबेटमधल्या भूकंपाचा. भिक्खू मदतीला आले होते. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्यानमारच्या राखाइनमध्ये, आसामच्या कोक्राझारमध्ये माणसं खरोखर मरत होती. खोट्या फोटोंची गरजच काय होती? पण फिरवणाऱ्यांना सहानुभूती नको होती, राग हवा होता.

११ ऑगस्टला रझा अकादमीच्या सभेसाठी उपनगरांतूनही पोरं लोकलने आझाद मैदानात गेली. गाड्या जळाल्या, महिला पोलिसांवर हात टाकला गेला, अमर जवान स्मारक फोडलं. दोन तरुण गेले, पन्नासहून जास्त जखमी, त्यांत बरेच पोलीस.

२१ ऑगस्टला राज ठाकरेंचा मोर्चा त्याच मैदानावर आला. दोन दिवसांत पोलीस आयुक्त अरूप पटनायक यांची बदली झाली. म्यानमारचं नाव कुणी काढेना.

स्मारकावर लाथ मारणाऱ्याचा फोटो आजही माझ्या मोबाइलवर येतो. तो मात्र खरा आहे.