नागपूरहून सुटलेली गाडी आणि एका घराची पुस्तकं

1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या गाडीत तिशीतला एक मराठी कवी बसला होता. संस्थानात नवी नोकरी मिळाली होती. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. गप्पा संस्कृत कवितेवरून धर्मावर आल्या. निरोप घेताना वॉर्ड यांनी त्याच्या हातावर नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. आवडत्या ओळींवर पेन्सिलीने खुणा करत त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

नागपूरला बायबल तेव्हा नवं नव्हतं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्येच इथे आले होते. शाळा काढणारे आणि खडक-जीवाश्म गोळा करणारे हिस्लॉप गोंडांच्या लिंगोची कथाही टिपून ठेवत होते. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना 1863 मध्ये ते पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांचे कागद तीन वर्षांनी रिचर्ड टेंपल यांनी छापून आणले. टिळक मात्र नागपुरात आले ते मिशनच्या दारी नव्हे. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं काम करत होते आणि ‘ऋषी’ नावाचं धर्मविषयक मासिक चालवत होते. धर्माचा शोध आधीपासूनच चालू होता; गाडीतल्या पुस्तकाने त्याला दिशा दिली एवढंच.

या शोधाची मराठी वाट फार जुनी आहे, आणि ती समुद्राकाठची आहे. 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. मांडवी आणि जुवारी या नद्यांमधलं तिसवाडी बेट, पलीकडची दिवाडी आणि चोडण, दक्षिणेला साष्टी, हा सगळा पोर्तुगीजांचा मुलूख होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी ऐकायला काही उरलं नव्हतं. ही उणीव ओळखून स्टीफन्सने बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. पुढे 1684 मध्ये गोव्याच्या सरकारने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. ‘क्रिस्तपुराणा’च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांवर.

टिळकांनीही ओवीच धरली. 1909 मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लिहायला घेतलं. 1919 मध्ये ते वारले तेव्हा जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते.

ते पूर्ण करायला बसल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या. त्यांच्या माहेरचं मूळ पाहिलं तर ख्रिस्ती काव्यापर्यंत पोचणं त्यांना किती अवघड होतं ते कळतं. वडिलांचं सोवळं इतकं कडक होतं की त्याखाली सगळं घर पिचून गेलं होतं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. जात सोडायची ती कुणाच्या सांगण्यावरून नाही. स्वतः विचार केला, एकेक बंधन तपासलं, टाकलं, आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हा प्रवास ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात आहे. धर्मांतरावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. पण चूल, पाणी, सोवळं, रुसवे आणि उपासमार यांच्यामधून श्रद्धा कशी आकाराला येते, हे इतक्या जवळून दाखवणारं दुसरं पुस्तक मराठीत नाही. त्यात वडिलांवर आकस नाही, सासरवर सूड नाही. कुळाची मुळं त्यांनी नाकारली नाहीत, उकरून पाहिली.

1933 मध्ये नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं आणि त्याच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई होत्या. टिळकांची ती गाडी याच शहरातून सुटली, त्याला चाळीस वर्षं झाली होती. विदर्भाच्या वाङ्मयीन इतिहासात या संमेलनाची आठवण फारशी निघत नाही, आणि ती निघायला हवी. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुढच्याच वर्षी आला. 1936 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’चे चौसष्ट अध्याय त्यांनी लिहून ठेवले होते. शेवटचा हात मुलगा देवदत्त याने फिरवला आणि 1938 मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झालं. बाप, आई, मुलगा अशा तिघांचं एक काव्य.

‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या धड्यातून अनेकांना भेटतं, पण धडा म्हणजे पुस्तक नव्हे. ते सबंध वाचावं. ‘ख्रिस्तायन’ तर ग्रंथालयात शोधावंच लागेल. नागपूरच्या जुन्या वाचनालयांनी आपली कपाटं एकदा या दृष्टीने तपासावीत, आणि त्या संमेलनाचं काही छापील साहित्य सापडलं तर ते जपून ठेवावं.