परसातील फुले आणि त्यांची नावे

बागांचा इतिहास म्हटला की मोगलांचे चारबाग किंवा पेशव्यांची हिराबाग आठवते. घरामागच्या परसाकडे अभ्यासकाची दृष्टी सहसा वळत नाही. राजांच्या बागांचे हिशेब दप्तरांत राहिले. परसातल्या फुलझाडांचा जो काही इतिहास उरला, तो मुख्यतः त्यांच्या नावांत.

मराठी परसाची रचना सोयीतून झाली. मोरीचे पाणी वाहून जाई तेथे कर्दळ आणि अळू, जरा कोरड्या जागी अबोली व जास्वंद. जाईजुईचा वेल मांडवावर चढविला की फुलांबरोबर सावलीही मिळे. गजऱ्याला दोरा विकत आणावा लागत नसे. केळीचे सोपट पुरे. प्राजक्ताखालची जमीन सारवून ठेवीत, कारण जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही, या नियमाला प्राजक्त तेवढा अपवाद. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली तेथेच छापलेल्या ग्रंथात या झाडाची दखल घेतली. सूर्याने अव्हेरलेल्या मुलीच्या राखेतून ते उगवले, ही कथा त्याने सांगितली आहेच; पण फुलाच्या केशरी देठांनी लोक अन्नाला रंग आणतात, हेही त्याने टिपले. कथेइतकीच ही घरगुती नोंद मोलाची आहे.

सोळाव्या शतकानंतर परसात पाहुणे आले. झेंडू आणि गुलछडी मूळची मेक्सिकोची, गुलबक्षी व पांढरा चाफा अमेरिका खंडातले, सदाफुली मादागास्करची. कर्दळीच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असली तरी तीही अमेरिकेचीच. भाषेने त्यांना कसे सामावून घेतले ते पाहण्याजोगे आहे. गुलछडी, गुलबक्षी यांतला ‘गुल’ फारसी. म्हणजे अमेरिकेची झाडे फारसी नाव लेवून मराठी दारी आली. पुढे गुलछडीला ‘निशिगंध’ हे संस्कृत वळणाचे नावही मिळाले आणि तिचे परकेपण कोणाला आठवेनासे झाले. झेंडूवाचून तर आज दसऱ्याचे तोरण होत नाही. सोवळ्याओवळ्याचा एवढा काच असलेल्या देवघराने या फुलांचे कूळ विचारले नाही.

घरातल्या माणसांच्या बाबतीत मात्र हे औदार्य नव्हते. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मणी घरांत केशवपन झालेल्या विधवेला फूल माळणे निषिद्ध होते. वाती वळणे, पूजेची तयारी करणे, परसाला पाणी घालणे ही कामे पुष्कळदा तिच्याच वाट्याला येत. कोणते झाड केव्हा फुलते, कोणत्या कळ्या सायंकाळी खुडाव्यात, हे घरात तिच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असे. अबोलीचे गजरे ती ओवी, आणि लेकीसुनांच्या हाती देई.