गॉलमच्या शोधाची प्रतीक्षा : जाणत्या प्रेक्षकांना नेमके काय हवे असते?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द हंट फॉर गॉलम’ हा चित्रपट १७ डिसेंबर २०२७ रोजी प्रदर्शित करण्याचे वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले आहे. ९ मे २०२४ रोजी त्याची घोषणा झाली, तेव्हा २०२६ हे वर्ष सांगण्यात आले होते. पुढे प्रदर्शन लांबणीवर पडले. दिग्दर्शनाची धुरा अँडी सर्किस यांच्याकडे असून गॉलमची भूमिकाही तेच करणार आहेत. पीटर जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स हे जुने त्रिकूट निर्मितीच्या बाजूने सोबत आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी निर्माण केलेल्या ‘मिडल अर्थ’ या कल्पित विश्वाचे वाचक आणि प्रेक्षक जगभर पसरलेले आहेत. त्यांच्या या प्रतीक्षेत आनंदाइतकीच धास्तीही आहे. ती का, हे समजून घेण्यासाठी या विश्वाचा आणि त्याच्या चाहत्यांनी यापूर्वी अनुभवलेल्या प्रतीक्षांचा इतिहास पाहावा लागतो.

शेवट ठाऊक असलेली कथा

या चित्रपटात ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. बिल्बो बॅगिन्स आपला वाढदिवस साजरा करून शायर सोडतो आणि त्याची अंगठी पुतण्या फ्रोडोकडे राहते. त्यानंतर फ्रोडो प्रवासाला निघेपर्यंत मूळ कादंबरीत १७ वर्षे लोटतात. या काळात गँडाल्फ आणि अॅरागॉर्न गॉलमचा माग काढतात. कादंबरीच्या परिशिष्टातील कालपटानुसार हा शोध अधूनमधून आठ वर्षे चालतो. दरम्यान गॉलम मॉर्डॉरमध्ये सॉरॉनच्या हाती लागतो. छळापुढे नमून ‘शायर’ आणि ‘बॅगिन्स’ हे शब्द त्याच्या तोंडून निघतात. तेथून सुटल्यावर अॅरागॉर्न त्याला दलदलीच्या प्रदेशात पकडतो आणि मर्कवुडच्या अरण्यातील एल्फांच्या स्वाधीन करतो. पुढे तो त्यांच्याही तावडीतून निसटतो.

कादंबरीत हे सारे प्रत्यक्ष घडताना दिसत नाही. पात्रांच्या संभाषणातून, काही पानांत ते कळते. गॉलम सापडणार, सुटणार आणि अखेरीस माउंट डूमच्या अग्नीत अंगठीसह नष्ट होणार, हे वाचकांना पाठ आहे. दशावतारी नाटकाला बसलेल्या कोकण-गोव्यातील प्रेक्षकालाही आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो. समोरचा नट संवाद कसा खुलवतो आणि पात्राची मर्यादा सांभाळतो की नाही, याकडे त्याचे लक्ष असते. परिचित विश्वातील नव्या चित्रपटाची वाट पाहणाऱ्याची वृत्ती याहून फारशी वेगळी नसते.

लेखकानेच बदललेला गॉलम

चाहत्यांना कोणताही बदल खपत नाही, असा एक समज आहे. गॉलमच्या बाबतीत तर तो मुळातच टिकत नाही, कारण या पात्रात सर्वांत मोठा बदल खुद्द टॉल्किन यांनी केला आहे.

‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाले. त्या पहिल्या आवृत्तीत कोड्यांच्या खेळात बिल्बो जिंकला तर अंगठी बक्षीस देण्याचे गॉलम स्वतःहून कबूल करतो. ती सापडत नाही तेव्हा तो क्षमा मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना ही अंगठी माणसाचे मन ग्रासणारी भयंकर वस्तू ठरली. अशी वस्तू कोणी आपणहून देईल, हे मग असंभव झाले. टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहून १९४७ मध्ये केवळ नमुन्यादाखल प्रकाशकाकडे पाठवले; प्रकाशकाने १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तेच छापून टाकले.

दोन आवृत्त्यांतील विसंगतीचे काय करायचे? टॉल्किन यांनी ती झाकली नाही. पहिली हकिकत म्हणजे बिल्बोने सांगितलेले असत्य होते आणि सरळमार्गी बिल्बो खोटे बोलला हीच अंगठीच्या दुष्प्रभावाची पहिली खूण होती, असा उलगडा त्यांनी नव्या कथेत गुंफला. ग्रंथकर्त्याची अडचण अशा रीतीने कथेचाच भाग झाली. पुढे प्रत्येक चित्रपटाकडे चाहत्यांनी जो निकष लावला, त्याचे मूळ येथे आहे. बदल चालतो, पण त्या विश्वाच्या नियमांत त्याचा हिशेब लागला पाहिजे.

पडद्यावरील पहिली कसोटी

प्रतीक्षा या वाचकांच्या पूर्वीपासून परिचयाची आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे पहिले दोन खंड १९५४ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये आले, तिसरा मात्र परिशिष्टांच्या कामामुळे रखडून २० ऑक्टोबर १९५५ रोजी आला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला असल्यामुळे वाचकांना जवळपास वर्षभर तिष्ठत राहावे लागले.

पीटर जॅक्सन यांच्या चित्रत्रयीची प्रतीक्षा निराळी होती. एप्रिल २००० मध्ये तिची पहिली झलक इंटरनेटवर आली आणि पहिल्या २४ तासांत ती सुमारे १७ लाख वेळा उतरवून घेतली गेली. घरोघरी मंदगतीची जोडणी असण्याचा तो काळ होता. डिसेंबर २००१, २००२ आणि २००३ मध्ये तीन चित्रपट आले. तिसऱ्याने ११ नामांकनांपैकी सर्व ११ ऑस्कर पटकावले.

या चित्रत्रयीतील बदलांना मिळालेला प्रतिसाद बोलका आहे. टॉम बॉम्बाडिल हे पात्र पहिल्या चित्रपटातून पूर्णपणे वगळले गेले. अनेकांना हळहळ वाटली, पण बॉम्बाडिल न भेटल्याने त्या विश्वाचा कोणताही नियम मोडत नव्हता. याउलट दुसऱ्या चित्रपटातील फॅरामिरवर तीव्र आक्षेप आला. कादंबरीत अंगठीचा मोह सहज नाकारणारा हा सेनानी पडद्यावर फ्रोडोला कैद करून ऑस्गिलियाथला नेतो. एका माणसाने अंगठी इतक्या सहज नाकारली तर तिचा धाक ओसरेल, असा युक्तिवाद पटकथाकारांनी केला. तो अनेकांना पटला, अनेकांना नाही. दोन्ही बाजू वाद घालत होत्या त्या मात्र अंगठीच्या स्वभावाविषयी.

चाहत्यांच्या प्रेमाने पडद्यावर भर घातल्याचेही उदाहरण आहे. पहिल्या चित्रपटातील सभेच्या प्रसंगात क्षणभर दिसणाऱ्या एका निनावी एल्फाला चाहत्यांनी ‘फिगविट’ असे नाव दिले. त्याची लोकप्रियता एवढी वाढली की तिसऱ्या चित्रपटात त्या नटाला, ब्रेट मॅकेन्झी यांना, संवाद मिळाले. पुढे ‘द हॉबिट’मध्ये ते लिंडिर या एल्फाच्या भूमिकेत परतले.

‘हॉबिट’ने दिलेला धडा

आजच्या धास्तीचे मूळ मुख्यतः ‘द हॉबिट’ चित्रपटांच्या प्रदीर्घ प्रतीक्षेत आहे. जॅक्सन आणि न्यू लाइन यांच्यातील हिशेबाचा वाद २००७ च्या अखेरीस मिटला. २००८ मध्ये गिलेर्मो देल तोरो यांची दिग्दर्शक म्हणून निवड झाली. दोन वर्षांची पूर्वतयारी करून मे २०१० मध्ये ते बाहेर पडले आणि अखेर जॅक्सन यांनीच सूत्रे हाती घेतली.

त्याच सुमारास न्यूझीलंडमधील कलावंतांच्या संघटनेने सामूहिक कराराची मागणी केली आणि चित्रीकरण अन्य देशात हलवण्याची भाषा सुरू झाली. २५ ऑक्टोबर २०१० रोजी चित्रपट देशातच राहावा यासाठी ठिकठिकाणी मोर्चे निघाले. पंतप्रधान जॉन की यांनी वॉर्नर ब्रदर्सच्या अधिकाऱ्यांशी बोलणी केली, वाढीव सवलती देऊ केल्या आणि २९ ऑक्टोबरला कायदादुरुस्ती तातडीने संमत झाली. तिच्यामुळे चित्रपटसृष्टीतील कामगार कर्मचारी न ठरता स्वतंत्र कंत्राटदार मानले जाऊ लागले. त्यांना सामूहिक वाटाघाटींची मुभा देणारा कायदा होण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. एखाद्या कल्पित विश्वाविषयीच्या लोकभावनेला केवढी राजकीय किंमत असू शकते आणि ती कोणाला मोजावी लागते, याचे हे ठळक उदाहरण होय.

चित्रीकरण मार्च २०११ मध्ये सुरू झाले. ३० जुलै २०१२ रोजी, पहिला चित्रपट पाच महिन्यांवर असताना, नियोजित दोनऐवजी तीन चित्रपट निघणार असल्याचे जाहीर झाले. एका छोटेखानी पुस्तकाचे तीन भाग कसे होणार, हा प्रश्न तेव्हाच उमटला. प्रति सेकंद २४ ऐवजी ४८ चौकटींच्या नव्या तंत्रामुळे दृश्ये अतिस्पष्ट आणि दूरचित्रवाणीसारखी भासतात, अशीही तक्रार झाली. पुस्तकात नसलेल्या टॉरिएल या एल्फ योद्धीला दुसऱ्या भागापासून स्थान मिळाले. तिच्या प्रेमकथेने कथानक ताणले गेल्याची भावना बळावली. गल्ला भरघोस जमला, पहिल्या भागाने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. तरी पूर्वीच्या चित्रत्रयीबद्दलची आत्मीयता या भागांच्या वाट्याला आली नाही. थोड्या मजकुरातून मोठा चित्रपट काढण्याविषयीचा संशय मात्र कायम राहिला, आणि गॉलमचा शोध तर कादंबरीत काही पानांचाच आहे.

हे विश्व कोणाचे?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. टॉल्किन यांनी १९६९ मध्ये ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांचे चित्रपटहक्क युनायटेड आर्टिस्ट्सला विकले. १९७६ मध्ये ते मुख्यत्वे सॉल झेंट्झ यांच्याकडे आणि २०२२ मध्ये स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाकडे गेले. नव्या चित्रपटांसाठीचा करार वॉर्नर ब्रदर्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला. ‘द सिल्मरिलियन’ आणि ‘अनफिनिश्ड टेल्स’ हे मरणोत्तर ग्रंथ या हक्कांत येत नाहीत. गॉलमच्या शोधाविषयीचा काही तपशील दुसऱ्या ग्रंथात आहे. पटकथाकारांना मात्र कादंबरी आणि तिची परिशिष्टे यांवरच विसंबावे लागेल. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होते. टॉल्किन १९७३ मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके भारतात २०३४ च्या प्रारंभी सर्वांना खुली होतील.

भावनेचा हिशेब मात्र वेगळा आहे. ‘द हंट फॉर गॉलम’ याच नावाचा सुमारे ४० मिनिटांचा चित्रपट २००९ मध्येच येऊन गेला. ख्रिस बूचार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या तीन हजार पौंडांच्या आसपास खर्चात, नफ्याची अपेक्षा न ठेवता तो तयार केला आणि इंटरनेटवर विनामूल्य ठेवला. मे २०२४ मध्ये नव्या चित्रपटाची घोषणा होताच हक्कभंगाच्या दाव्यावरून तो यूट्यूबवरून उतरवला गेला. चाहत्यांत नाराजी उसळली आणि अल्पावधीतच तो पुन्हा उपलब्ध झाला. मालकी आणि जिव्हाळा यांतील अंतर त्या एका प्रसंगाने उघड केले.

अपेक्षा आणि तयारी

सर्किस यांच्या निवडीने चाहत्यांना बऱ्याच अंशी आश्वस्त केले आहे. मोशन कॅप्चर तंत्राने उभा राहिलेला गॉलम हा त्यांचाच आवाज आणि देहबोली घेऊन आला. ‘द हॉबिट’च्या वेळी दुसऱ्या चित्रीकरण पथकाचे दिग्दर्शनही त्यांनी केले होते. गॉलमवर बिल्बोने केलेली दया हा साऱ्या कथेचा आधार आहे. ती दया झाली नसती तर अंगठी नष्टही झाली नसती. त्यामुळे पाठलागाचा थरार उभा करताना या प्राण्याविषयीची करुणा शाबूत राहते की नाही, यावर चित्रपटाचा कस लागेल. नवी पात्रे आली, नवे प्रसंग आले तरी या करुणेशी त्यांचा मेळ बसला, तर जाणता प्रेक्षक त्यांना आपले म्हणेल.

चित्रपटापूर्वी मूळ मजकूर वाचू इच्छिणाऱ्यांसाठी कादंबरीच्या पहिल्या खंडातील दोन प्रकरणे महत्त्वाची आहेत : गँडाल्फ फ्रोडोला अंगठीचा इतिहास सांगतो ते दुसरे प्रकरण आणि एल्रॉन्डच्या सभेचे प्रकरण. अखेरच्या खंडातील परिशिष्टात या घटनांचा कालपट दिलेला आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने प्रसिद्ध आहे.